अक्कलकोट रोडचं ऊन आणि हेल्मेटची काच

जानेवारीत सकाळी साडेसातला सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे गाडीवर निघा. सूर्य रस्त्याच्या टोकालाच बसलेला असतो. पुढचा टेम्पो दिसत नाही, गतिरोधक दिसत नाही, बाजूने सायकलवाला चाललाय हेही तो अगदी जवळ आल्यावर कळतं. हेल्मेटची काच खाली असली तर ती दुधाने सारवल्यासारखी पांढरी होते. वर केली तर धूळ आणि चिलटं थेट डोळ्यांत.

नवीन गाडी घेतलेली पोरं यावर एकच उपाय करतात. रस्त्याकडेच्या हेल्मेटवाल्याकडे थांबायचं आणि म्हणायचं, "मामा, काळी काच बसवून द्या की." मीही तेच केलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला घरी परतताना एक न रंगवलेला गतिरोधक मला दिसलाच नाही. डबा उडाला, भाजी शर्टावर आली, मी कसाबसा गाडीवर राहिलो. काळी काच हा या यादीतला शेवटचा उपाय आहे. आधीच्या पायऱ्या नीट केल्या तर बऱ्याच जणांना तिची गरजच पडत नाही.

पहिली पायरी: तुमचा रस्ता आणि महिना जुळवून बघा

सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही. तसा तो फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास उगवतो. डिसेंबरात सोलापुरात तो पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. मावळतानाही हाच हिशोब. आता गंमत बघा. सोलापूरहून अक्कलकोट ज्या दिशेला आहे, नेमका तिथेच डिसेंबरचा सूर्य उगवतो. आणि अक्कलकोटहून सोलापूरकडे तोंड केलं की बरोबर समोर जूनचा सूर्य मावळतो. म्हणजे या रस्त्याने सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हिवाळ्यात जाताना त्रास आणि उन्हाळ्यात येताना त्रास. माझं नशीब हेच.

माझा एक दोस्त पुणे रोडवर चिंचोळी एमआयडीसीत आहे. तो सकाळी पश्चिमेकडे जातो, संध्याकाळी पूर्वेकडे येतो; दोन्ही वेळेला सूर्य पाठीमागे. त्याला वाटतं मी उगाच कुरकुर करतो. पण त्याच रस्त्यावरच्या मोहोळहून सकाळी सोलापूरला येणाऱ्यांना विचारा, हिवाळ्यात त्यांची माझ्यासारखीच गत असते. हैदराबाद रोडने नळदुर्गकडे जाणाऱ्याला मे-जूनची सकाळ समोर येते आणि परतताना डिसेंबरची संध्याकाळ. मंगळवेढ्याकडे जाणाऱ्याला डिसेंबरची संध्याकाळ, तिकडून येणाऱ्याला मे-जूनची सकाळ. तुळजापूर आणि विजापूर रोड मोठ्या मानाने दक्षिणोत्तर आहेत, तिथे ऊन बाजूने येतं आणि त्रास बराच कमी होतो. डिसेंबर आणि जून म्हटलं तरी तेवढ्यावर संपत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सूर्य जवळपास त्याच जागेवर उगवत राहतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुसऱ्या टोकाला. जूनच्या मध्यानंतर ढग आले तर सुटका.

आता वेळ. हात सरळ समोर ताणून मूठ आडवी धरा. क्षितिजावर टेकवलेल्या त्या मुठीची उंची साधारण १० अंश भरते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य एक मूठ वर यायला पाऊण तास घेतो. हेल्मेटच्या वरच्या कडेआड तो जायला माझ्या हेल्मेटमध्ये पावणेदोन मुठी लागतात. तुमच्या हेल्मेटमध्ये किती, ते एकदा घालून मोजा. जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास, म्हणजे सव्वाआठनंतर निघालेल्याला रस्ता दिसतो आणि साडेसातला निघालेल्याला दिसत नाही. ज्याला वेळ पुढेमागे करता येते त्याच्यासाठी हा फुकटातला आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. शिफ्टच आठची असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: काच धुवा, पुसू नका

माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर आहे. ऊन डोळ्यांत जातं हे खरं, पण काच पांढरी होते ती उन्हामुळे नाही. तिच्यावरची धूळ, बोटांचं तेल, वाळलेली चिलटं आणि बारीक ओरखडे यांच्यावर ऊन पडलं की ते सगळीकडे विखुरतं. स्वच्छ, नव्या काचेतून तोच सूर्य एका जागी झगझगीत दिसतो, बाकीचा रस्ता मात्र दिसत राहतो. मळक्या काचेत सूर्य अख्खी काच व्यापतो.

हेल्मेटची काच खरं तर काच नसते. ती पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे एक चिवट प्लास्टिक. ते सहसा फुटत नाही, पण ओरखडे चटकन पडतात. सोलापूरची धूळ कोरडी आणि बोचरी. शर्टाच्या बाहीने, रुमालाने किंवा गाडी पुसायच्या फडक्याने कोरडी काच पुसली की ती धूळ पॉलिश पेपरसारखी काचेवर फिरते. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्यामुळे एक सांगतो: नव्या कोऱ्या टॉवेलच्या मऊपणावर भरवसा ठेवू नका. त्याच्या फासांत अडकलेला एक कण पुरेसा असतो.

धुण्याची रीत अशी. काच हेल्मेटवरून सुटत असेल तर सोडवा. सुटत नसेल तर हेल्मेट असं धरा की आतलं अस्तर भिजणार नाही. एक सुती फडकं भिजवून, न पिळता, काचेवर अंथरा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. चिलटं भिजून सुटी होतात, खरवडायची वेळ येत नाही. मग वरून पाण्याची बारीक धार सोडून धूळ वाहू द्या. भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब ओल्या बोटांवर घ्या आणि बोटांच्या पेरांनीच चोळा. फडकं नको, घासणी तर नकोच. पुन्हा धार सोडा. या सगळ्याला दोन तांबे पाणी पुरतं. सोलापूरकराला पाणी जपून वापरायला शिकवायला नको. घरात बोअरचं पाणी असेल तर शेवटचा अर्धा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, नाहीतर सुकल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने पाणी नुसतं टिपून घ्या, सावलीत वाळवा.

आतली बाजू विसरू नका. सगळे बाहेरून चकाचक करतात आणि आत श्वासाचा, घामाचा, नाकाच्या शेंड्याचा थर तसाच राहतो. समोरून ऊन आलं की तोच आधी उजळतो. काही हेल्मेटांना आतून धुकं न धरणारा लेप असतो. तिथे फक्त साधं पाणी आणि हलका हात.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही लावू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने केसांसारखे तडे जातात. खिडक्या पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असेल तर तोही नको. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळायचा सल्ला मोबाइलवर फिरतो; टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. खोल ओरखडा तसाच राहतो आणि भोवतीचा, काचेला जपणारा कडक थर मात्र निघून जातो.

रोज एवढं करायला कुणालाच जमत नाही. मी रविवारी धुतो. मधल्या दिवसांसाठी डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं एक मायक्रोफायबर असतं. आधी पाणी, मग कापड. हा क्रम मोडला तर सगळं मोडलं.

तिसरी पायरी: काच बदलायची का, ते ठरवा

रात्री खोलीतला दिवा बंद करा. काच डोळ्यांसमोर धरा आणि तिच्या पलीकडून, जरा बाजूने, मोबाइलचा टॉर्च लावा. टॉर्चभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषांची नक्षी दिसली, आणि ती डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात असली, तर ती काच आता धुऊन सुधारणार नाही. बदला. हेल्मेटच्या मानाने काच स्वस्त असते. फक्त आपल्या कंपनीची, आपल्याच मॉडेलची मागा. हेल्मेट सोबत न्या आणि दुकानातच बसवून दहा वेळा उघडझाप करून बघा. ढिली काच वाऱ्याने थरथरते आणि तिच्यातून सरळ रेषासुद्धा वाकडी दिसते.

चष्मेवाल्यांनी हीच टॉर्चची परीक्षा चष्म्यालाही लावावी. हेल्मेट घालताना-काढताना चष्मा किती घासतो हे आपल्या लक्षातही येत नाही. आणि काच नवी, चष्मा नवा, तरीही समोरच्या दिव्यांनी आणि उन्हाने पूर्वीपेक्षा जास्त दिपत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदूची सुरुवात अनेकांना अशीच कळते.

चौथी पायरी: वरच्या कडेला काळी पट्टी

हा उपाय मला एका जुन्या वायरमन काकांनी शिकवला, आणि पैशाच्या मानाने इतका कामाचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. वायरिंगची काळी टेप घ्यायची आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने, अगदी वरच्या कडेला, आडवी चिकटवायची. कारच्या काचेवर आतून जशी उन्हाची पट्टी खाली घेतात, तसंच हे.

नेमकी कुठे लावायची ते घरी बसून ठरवू नका. गाडी स्टँडवर लावा, हेल्मेट घालून, पट्टा बांधून, नेहमी बसता तसे बसा. समोर शंभरेक मीटरवरच्या रस्त्याकडे बघा. आता मित्राला टेप वरून खाली हळूहळू सरकवायला सांगा. डोळे किंचित वर केल्यावर टेपची खालची कड जिथे जाणवेल, तिथे थांबा. सरळ बघताना ती दिसायला नको. बहुतेकांना दोन-अडीच सेंटिमीटर पुरतात. त्यात हेल्मेटच्या कडेखाली झाकलेला भाग धरायचा नाही. जरा कमीच ठेवा, नंतर वाढवता येते. सिग्नलच्या रेषेवर थांबून बघा: मान न वाकवता वरचा दिवा दिसायला हवा. दिसत नसेल तर पट्टी जास्त झाली.

चालवताना सूर्य समोर आला की हनुवटी दोन बोटं खाली घ्यायची. सूर्य पट्टीआड जातो, रस्ता खालच्या मोकळ्या काचेतून दिसतो. सूर्य बाजूला गेला की मान परत वर. दोन दिवसांत मानेला आपोआप सवय होते. पण सूर्य अगदी क्षितिजाला टेकला असेल, पहिल्या किंवा शेवटच्या वीस मिनिटांत, तर पट्टी कामाची नाही. सूर्य झाकायला मान वाकवली की रस्ताही झाकला जातो. तेव्हा थांबून चहा घेणं बरं.

एप्रिल लागला की टेप काढून टाका. ४० अंशांच्या पुढे गोंद वितळून काचेवर पसरतो. डाग राहिला तर खोबरेल तेलाचा थेंब लावून थोडा वेळ थांबा, मग साबणाने धुवा. पुन्हा लागेल तेव्हा नवी लावा.

पुढे टोपीसारखी झडप आलेली ऑफ-रोड पद्धतीची हेल्मेटं हेच काम आणखी चांगलं करतात. शहरात छान. पण पुणे हायवेवर ऐंशीच्या वेगात वारा त्या झडपेला धरून मान मागे ओढतो, विशेषतः ट्रक ओलांडताना.

पाचवी पायरी: गॉगल, काळी काच, डबल काच

गॉगल घेताना लोक रंग बघतात. बघायचा असतो आकडा. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून ० ते ४ असा वर्ग छापलेला असतो. वर्ग २ म्हणजे १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, वर्ग ३ म्हणजे ८ ते १८ टक्के. वर्ग ४ गाडी चालवायला चालत नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला मला वर्ग २ पुरतो. मेमधल्या दुपारी वर्ग ३. काड्या सरळ आणि पातळ हव्यात, नाहीतर हेल्मेट त्या कानामागे रुतवतं आणि अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं.

पोलराइज्ड गॉगल कारवाल्यांना आवडतो. हेल्मेटमध्ये त्याची एक अडचण होते: काचेच्या प्लास्टिकमधला ताण त्यातून इंद्रधनुष्यी पट्ट्यांसारखा दिसतो. काही गाड्यांचा डिजिटल मीटर काळा पडतो. शिवाय रस्त्यावरच्या ऑइलची चमक तो लपवतो, आणि दोन चाकांवर ती चमक दिसणं गरजेचं असतं. विकत घेण्याआधी दुकानाबाहेर हेल्मेट घालून, त्यातून बघून मगच ठरवा.

उन्हातले अतिनील किरण अडवायला काळी काच लागते, असंही सांगितलं जातं. पांढरं, म्हणजे बिनरंगाचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट ते किरण जवळजवळ सगळेच अडवतं. काळ्या रंगाने फक्त उजेड कमी होतो, आणि तोही सगळ्याचाच: सूर्याचा कमी, सावलीतल्या खड्ड्याचाही कमी. रेल्वेच्या पुलाखाली शिरलात की दोन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर.

संध्याकाळचा धोका वेगळाच. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. काळी काच लावून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत दिवस संपलेला असतो. मग तो काच वर करून चालवतो, म्हणजे तीही गेली आणि हीही गेली. मर्क्युरी काच, ती रंगीत आरशासारखी, फोटोत झकास दिसते; संध्याकाळी तिचाही उपयोग नाही.

काळी काच हवीच असेल तर डबल काचेचं हेल्मेट घ्या: बाहेर पांढरी, आत खटक्याने खाली येणारी काळी. पुलाखाली शिरताना अंगठ्याने वर, बाहेर आल्यावर खाली. घेताना हातमोजे घालून खटका सापडतो का बघा, आणि आतली काच खाली आल्यावर नाकाला किंवा चष्म्याला टेकत नाही ना तेही. मागच्या बाजूला आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक हवा. १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला अजून दिसतात.

हेल्मेटच्या आतलं ऊन

ही गोष्ट मला माझ्या बहिणीमुळे कळली. ती सनकोट आणि पांढरा स्कार्फ बांधून, वर हेल्मेट घालते. सूर्य पाठीमागे असतानाही तिला काच धूसर दिसायची. कारण असं की मागून-बाजूने आत शिरलेलं ऊन पांढऱ्या स्कार्फवर पडतं आणि त्याचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला उमटतं. नाकावरचा भाग गडद रंगाचा केला, बाकी स्कार्फ पांढराच ठेवला, आणि तिची तक्रार थांबली. स्कार्फ नाकाखाली घेतला तर काचेवर वाफही कमी धरते.

रस्त्यावर

एवढं करूनही कधीतरी सूर्य गाठतोच. तेव्हा एकदम ब्रेक मारू नका. मागच्यालाही तुमच्याइतकंच कमी दिसतंय. ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या, डाव्या बाजूला घ्या. डोळ्यांवर डावा हात धरायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी क्लचवर हात नसतो आणि हँडल एका हातात असतं. नजर सूर्याखाली, रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, पांढरी रेघ असेल तर तिच्यावर. मोठ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या सावलीत घुसून चालायचा मोह होतो. सावली मिळते खरी, पण त्याने ब्रेक मारला तर तुमच्याकडे जागा उरत नाही.

गाळपाच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, उसाच्या ट्रॉल्यांना जपा. हंगाम आणि समोरून येणारं तिरपं ऊन एकाच महिन्यांत येतं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरच्या उन्हात नुसता काळा ठिपका दिसतो, आणि त्याचा वेग तुमच्या निम्म्याहून कमी. मागे रिफ्लेक्टर असला तरी समोरच्या उन्हात त्याचा उपयोग नाही, कारण तुम्ही बघताय ती त्याची सावलीतली बाजू.

आणि चिंचोळीच्या माझ्या दोस्तासाठी, ज्याला वाटतं हा लेख त्याच्यासाठी नाही. सूर्य तुमच्या पाठीमागे असतो तेव्हा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. तुमची सावली तुमच्यापुढे लांबच लांब पडलेली दिसली, की समजा समोरच्याला तुम्ही दिसत नाही. २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट आपोआप चालू असतो. जुनी गाडी असेल तर सकाळीही लावा. चौकात समोरून येऊन उजवीकडे वळणारा रिक्षावाला तुमच्याकडे बघतोय असं वाटलं तरी तो कदाचित फक्त डोळे बारीक करत असेल. तो थांबेपर्यंत तुम्ही थांबा.